खुर्ची मोडते कुठे?

तृतीय वर्ष कला

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिक अंकासाठी कविता द्यावी, प्रवासवर्णन द्यावे, फार तर एखाद्या कादंबरीचे परीक्षण द्यावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. मी सुतारकामावर लिहितो आहे. याला कारण दोन. एक तर आमच्या घरी तीन पिढ्यांचा सुतारकीचा धंदा आहे. आणि दुसरे असे की माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे ज्यांनी मला मुळाक्षरे शिकवली त्या गुरुजींचे मनगट मोडले. ती चूक काय होती हे समजून घेण्यात माझी दोन वर्षे गेली. जे समजले ते येथे मांडतो.

प्रथम वर्षाची परीक्षा संपवून मी गावी गेलो होतो. गुरुजींनी मुलीच्या लग्नानिमित्त सहा खुर्च्या सांगितल्या होत्या. मुहूर्त जवळ आलेला, बाबांचा उजवा खांदा दुखत होता आणि पटाशीने खोबणी पाडण्याचे काम खांद्याचेच. मी शहरात फर्निचरचा एक कारखाना पाहून आलो होतो. तेथे खोबणी कोणी पाडत नव्हते. यंत्राने गोल भोके पाडायची, त्यांत गोल लाकडी खुंट्या, ज्यांना डॉवेल म्हणतात, त्या गोंद लावून ठोकायच्या, की सांधा तयार! मी बाबांना म्हणालो, "आपणही तसेच करू. दोन दिवसांत सहाही खुर्च्या उभ्या राहतील." बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तू शिकलेला आहेस. कर."

खुर्च्या वेळेत झाल्या. लग्न झाले. पावसाळा गेला. दिवाळीच्या सुमारास गुरुजी जेवण झाल्यावर नेहमीच्या सवयीने मागे रेलले, आणि खुर्चीचा मागचा पाय पट्टीपासून सुटला. पडताना त्यांनी हात टेकला, तेवढ्यात मनगटाचे हाड मोडले. बाबांना हे कळले तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. हातगाडी घेऊन गेले, सहाही खुर्च्या घरी आणल्या आणि अंगणात मांडून मला म्हणाले, "आता उघड एकेक. बघ काय झालंय ते."

लाकडाचा स्वभाव

सांध्याचा विचार करण्यापूर्वी लाकडाचा विचार केला पाहिजे. लोखंडाचा तुकडा कोणत्याही बाजूने ओढला तरी साधारण सारखाच बळकट असतो. लाकडाचे तसे नाही. लाकूड म्हणजे उभ्या तंतूंची घट्ट बांधलेली मोळी. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ते विलक्षण बळकट असते. तंतू एकमेकांपासून बाजूला ओढायला मात्र फारसे बळ लागत नाही. सरपण फोडताना आपण कुऱ्हाड उभ्या रेषेत मारतो, आडवी मारत नाही, त्याचे कारण हेच.

वाळलेल्या सागाचेच आकडे पाहू. वाकवून मोडण्याच्या चाचणीत सागाचे लाकूड दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १,००० किलो ताण सोसते. उभे ठेवून दाबले तर सुमारे ६०० किलोपर्यंत टिकते. पण तंतूंच्या रेषेत एक थर दुसऱ्यावरून सरकवायचा म्हटले तर सुमारे १३० किलोतच तो सरकतो. एकच लाकूड, पण दिशा बदलली की बळ इतके बदलते. सुतार जेव्हा "रेषा बघून घे" असे म्हणतो, तेव्हा त्या तीन शब्दांत हे सगळे गणित असते.

दुसरा स्वभाव म्हणजे फुगणे आणि आटणे. झाड तोडून वर्षे लोटली तरी लाकूड हवेतले पाणी शोषते आणि सोडते. आजोबा म्हणत, लाकूड मेले तरी श्वास घ्यायचे थांबत नाही. पूर्ण ओले लाकूड पूर्ण वाळेपर्यंत साग रुंदीत, वर्षवलयांच्या अंगाने, सुमारे ६ टक्के आटतो. वलयांना काटकोनात सुमारे अडीच टक्के. आणि लांबीत जवळजवळ आटतच नाही. साग हा यात शहाणा म्हणायचा. पुष्कळ लाकडे याहून जास्त आटतात. आमच्या कोकणात मे महिन्यातला कोरडेपणा आणि जुलैमधला ओलावा यांमुळे सहा सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीत अर्धापाऊण मिलिमीटरचा फरक सहज पडू शकतो. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. सांध्याला मात्र तो दर वर्षी सोसावा लागतो. कारण सांध्यात बहुधा एक लाकूड उभे आणि दुसरे आडवे असते. एक फुगते त्या दिशेने दुसरे फुगत नाही.

खुर्चीवर काय बेतते?

खुर्ची माणसाच्या वजनाने मोडत नाही. साठ-सत्तर किलो वजन चार पाय सहज पेलतात. खुर्ची मोडते ती रेलण्याने.

याचा ढोबळ हिशोब करता येतो. समजा, बसणाऱ्याने पाठीवर २० किलोचा रेटा दिला आणि तो बैठकीच्या पट्टीपासून ४५ सेंटिमीटर उंचीवर पडला. पाठ ही झाली पहारीची लांब बाजू. २० गुणिले ४५, म्हणजे ९०० किलो-सेंटिमीटर इतकी पीळ मागच्या पायांच्या सांध्यांवर पडते. डावा आणि उजवा असे दोन सांधे असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला ४५० येतात. आता पहारीची आखूड बाजू पाहा. माझ्या खुर्चीत दोन डॉवेलमधले अंतर होते ३ सेंटिमीटर. ४५० भागिले ३, म्हणजे वरच्या डॉवेलला बाहेर खेचणारी ओढ १५० किलोंची! वीस किलोंच्या रेट्यातून दीडशे किलोंची ओढ तयार होते, ती अशी. त्यातून गुरुजींसारखी पुढचे पाय उचलून झुलण्याची सवय असेल तर ती आणखी वाढते. म्हणून खुर्ची जवळजवळ नेहमी एकाच जागी हार खाते : बाजूची पट्टी मागच्या पायाला मिळते तेथे.

या हिशोबातून एक गोष्ट आपोआप निघते. सांधा उभ्या अंगाने जितका उंच, तितकी पहारीची आखूड बाजू लांब आणि ओढ कमी. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाच्या कार्ल एकेलमन यांनी आयुष्यभर फर्निचरच्या बळाचा अभ्यास केला. १९७८ साली त्यांचा त्या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पूल किंवा इमारत बांधताना जसा प्रत्येक सांध्यावरील भाराचा हिशोब करतात, तसा खुर्चीचाही करावा, हा त्यांचा आग्रह. पायांच्या खालच्या बाजूला जी आडकाठी घालतात ती शोभेची नसते. या पिळेचा काही वाटा ती उचलते.

सांध्यांची ओळख

सर्वांत सोपा सांधा म्हणजे एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या अंगाला नुसते टेकवून गोंद लावणे. टोकाकडून पाहिले तर लाकूड हे उघड्या नळ्यांचे असते. गोंद त्या नळ्या पितात आणि चिकटायला थोडाच उरतो. शिवाय लाकडाच्या लांबीतल्या बळाच्या मानाने अशा सांध्याचे बळ फारच कमी पडते. खिळा मारला तर तो तंतूंमध्ये तंतूंच्याच दिशेने घुसतो आणि तितक्याच सहजपणे निघतो. स्क्रू बरा, पण टोकाकडून मारलेला स्क्रूही वारंवार हिसके बसले की भोक सैल करतो.

डॉवेलचा सांधा दिसायला बळकट. पण मी अंगणात खुर्च्या उघडल्या तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. प्रत्येक डॉवेल पट्टीत घट्ट होता आणि पायातून मात्र बाटलीचे बूच निघावे तसा साफ निघाला होता. याचे कारण नंतर कळले. पट्टीतले भोक तंतूंच्या दिशेने जाते, म्हणून त्याच्या सगळ्या भिंती उभ्या तंतूंच्या असतात आणि डॉवेल त्यांना अंगभर चिकटतो. पायातले भोक मात्र तंतूंना आडवे जाते. त्याच्या दोन भिंतींवर तंतूंची बाजू मिळते, पण वरच्या व खालच्या भिंतींवर कापलेली टोके मिळतात. म्हणजे गोंदाला खरा आधार भोकाच्या काही भागापुरताच. त्यात पावसाळ्यात पायातले गोल भोक लंबगोल होते, डॉवेलही लंबगोल होतो, पण दोघांची दिशा एक नसते. शिवाय मी डॉवेल पायात जेमतेम दोन सेंटिमीटर घातले होते. पट्टीकडचे टोक मी डोळ्यांनी तपासले होते. पायाकडचे भोक तपासायचे सुचलेच नाही. डॉवेलची पद्धत वाईट असे मी म्हणणार नाही. पुरेसे लांब, पुरेसे जाड आणि एकमेकांपासून दूर बसवलेले डॉवेल चांगले काम देतात. वाईट होती माझी घाई.

कुसू-खोबणीचा सांधा हा आपल्या सुतारांचा मुख्य सांधा. पट्टीचे टोक दोन्ही बाजूंनी कमी करून जी चपटी जीभ ठेवतात ते कुसू, आणि पायात पटाशीने पाडलेले चौकोनी भोक ती खोबण. कुसाचे दोन्ही गाल तंतूंच्या बाजूचे, खोबणीच्या दोन्ही भिंतीही तशाच. गोंदाला सपाट, रुंद आणि खरी जागा मिळते. कुसाशेजारी जो काप राहतो त्याला खांदा म्हणतात. खांदा पायाला नीट टेकला तर पीळ आली असता दाब तो घेतो आणि ओढ कुसू घेते. खांद्यात कागदाएवढी फट राहिली तरी सगळा भार कुसावर येतो. बाबा खांदा कापताना श्वास रोखतात, तो यासाठी.

डव्हटेलचा सांधा पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखा असतो, म्हणून त्याला ते नाव. तो एकाच दिशेच्या ओढीसाठी आहे. टेबलाचा खण आपण रोज पुढे ओढतो. शेपट्या खणाच्या बाजूच्या फळ्यांना असल्या, तर पुढची फळी ओढीने सुटूच शकत नाही. त्याच शेपट्या चुकून पुढच्या फळीला केल्या तर त्या ओढीसरशी बाहेर सरकतात. सांधा तोच, पण दिशा चुकली की निकामी.

राहिला अर्ध्या खाचेचा सांधा, ज्याला दुकानांत हाफ-लॅप म्हणतात. दोन्ही लाकडांची अर्धी अर्धी जाडी काढून ती एकमेकांवर बसवायची. शिकाऊ मुलाला पहिला शिकवतात तो हा. आमच्याकडे त्याला कोणी फारसा मान देत नाही.

एक कोडे

आणि येथेच मी अडलो. २००९ साली 'फाइन वुडवर्किंग' या अमेरिकन मासिकाने पाऊण इंच जाडीच्या लाकडाचे, चौकटीच्या कोपऱ्यात वापरतात ते अठरा प्रकारचे सांधे करून यंत्रावर मोडून पाहिले. पहिला आला अर्ध्या खाचेचा सांधा! तो मोडायला सुमारे १,६०० पौंड लागले. पाऊण इंचाच्या निम्म्या जाडीचे कुसू असलेला सांधा सुमारे १,४५० पौंडांना मोडला. कुसू थोडे बारीक, पाच सोळांश इंचाचे केले, तेव्हा तोच सांधा हजार पौंडही सोसू शकला नाही. नुसता टेकवून चिकटवलेला सांधा पाचशेच्या आत संपला.

यांतली एक गोष्ट मला पटली. कुसू लाकडाच्या एक-तृतीयांश जाडीचे असावे, असा पिढीजात नियम आहे. तो पाळताना खोबणीच्या भिंती हाताने पटाशी मारताना फुटू नयेत, हा हेतू असतो. पण पाय जाड आणि पट्टी बारीक असेल तर कुसू जाड ठेवायला हरकत नाही. सोळांश इंचाने केवढा फरक पडतो ते वरच्या आकड्यांत दिसतेच.

दुसरी गोष्ट मात्र बाबांच्या शिकवणीला सरळ छेद देणारी होती. बारीक कुसाच्या सांध्यात आरपार लाकडी मेख मारली, किंवा कुसात पाचर ठोकली, तर सांधा अधिक बळकट व्हायला हवा. त्या चाचणीत तो उलट कमजोर ठरला. साडेसातशे पौंडांच्या आसपास मोडला. कारण उघड आहे : मेखेसाठी पाडलेले भोक कुसाचेच लाकूड कमी करते. मी हे आकडे बाबांना मोठ्या उत्साहाने वाचून दाखवले. म्हणजे आजोबांपासून चालत आलेली मेख फुकटच म्हणायची?

बाबांनी ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला : "सांधे करून किती दिवसांनी मोडले त्यांनी?"

मला उत्तर देता आले नाही. पण प्रश्नाचा रोख कळला. यंत्रावर मोडलेला सांधा नवा असतो, त्याचा गोंद ताजा असतो. अर्ध्या खाचेच्या सांध्याचे बळ जवळजवळ सगळे गोंदाचे. दोन रुंद पाट एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून पहिल्या दिवशी तो अजिंक्य. पण त्या दोन पाटांचे तंतू एकमेकांना आडवे असतात. दर पावसाळ्यात एक उत्तर-दक्षिण फुगतो, दुसरा पूर्व-पश्चिम. मधला गोंद दोघांच्या ओढाताणीत सापडतो. नेहमीचा पांढरा गोंद पाण्याने आणि उष्णतेने मऊ पडतो, सतत ताण राहिला तर हळूहळू सरकतोही. जुना जनावरांच्या कातड्याचा सरस तर ओलाव्याने पुन्हा विरघळू लागतो. सागात मुळातच तेल असते. रंधा मारून ताज्या केलेल्या पृष्ठभागाला लगेच गोंद लावला नाही तर तो धरत नाही. आणि गोंद एकदा गेला की अर्ध्या खाचेत दोन लाकडांना धरून ठेवणारे काहीच उरत नाही. कुसू-खोबणीत गोंद गेला तरी कुसू खोबणीत असते, आणि मेख त्याला बाहेर येऊ देत नाही.

बाबा मेखेचे भोकही सरळ पाडत नाहीत. कुसातले भोक खोबणीच्या भोकापेक्षा केसभर खांद्याकडे ठेवतात. मेख ठोकली की ती कुसाला आत खेचते आणि खांदा पायावर घट्ट बसतो. हा सांधा गोंदाशिवायही उभा राहतो. जर्मनीत लाइपझिगच्या परिसरात सापडलेल्या लाकडी विहिरींची माहिती २०१२ साली प्रसिद्ध झाली. त्या सात हजार वर्षांपूर्वीच्या, धातूची हत्यारे येण्याआधीच्या आहेत, आणि त्यांच्या कोपऱ्यांत पाचर मारलेले कुसू-खोबणीचे सांधे आहेत. १९२२ साली उघडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यातल्या खुर्च्यांतही कुसू आहे.

पडवीतले सांधे

तरीही मला स्वतः पाहायचे होते. सागाच्या एकाच फळीतून मी तीन प्रकारचे सांधे केले : डॉवेलचा, अर्ध्या खाचेचा आणि मेख मारलेल्या कुसाचा. प्रत्येकाचे दोन नमुने. एक संच गोंद वाळल्यावर लगेच खुंट्याला बांधून, टोकाला गोणी टांगून, तीत वाळू भरत भरत मोडला. निकाल मासिकासारखाच लागला : डॉवेल आधी, मग कुसू, शेवटी अर्धी खाच. मी विजयी मुद्रेने बाबांकडे पाहिले. ते रंधा मारत राहिले.

दुसरा संच पडवीच्या कडेला ठेवला. पागोळ्यांचे तुषार, श्रावणातले ऊन, मग थंडी, मग मार्च-एप्रिलचा कडाका, सगळे त्याने सोसले. वर्षाने पाहिले तर अर्ध्या खाचेच्या कडेला नखाएवढी फट होती. गोणी टांगली, आणि वाळू पुरती भरण्याआधीच दोन्ही तुकडे गोंदाच्या रेषेवर फिरून सुटले. डॉवेल तर हातानेच हलत होता. कुसाचा सांधा खिळखिळा झाला होता, हे कबूल केले पाहिजे. पण तो वाकला, करकरला, खाली आला आणि तरी सुटला नाही. एकेका नमुन्यावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मी जाणतो. पण सुटलेला सांधा आणि लोंबकळत राहिलेला सांधा यांतला फरक काय, हे गुरुजींच्या मनगटाने मला आधीच शिकवले होते. जो सांधा करकरतो, तो माणसाला उठायला वेळ देतो.

म्हणून कोणता सांधा बळकट, या प्रश्नाला एक उत्तर नाही असे मला वाटते. तसबिरीच्या किंवा कपाटाच्या दाराच्या चौकटीला, जी घरात कोरडी राहते, अर्धी खाच उत्तम. खणाला डव्हटेल. भुशाच्या दाबीव फळीला तंतूच नसतात, तेथे कुसू करण्यात अर्थ नाही. स्क्रू आणि जोडपट्ट्याच बऱ्या. पण ज्यावर माणूस रेलणार आहे, तेथे गोंद संपल्यावर काय उरेल हे आधी विचारावे. खुर्ची विकत घेताना ती उलटी करून बाजूची पट्टी मागच्या पायाला मिळते तो कोपरा पाहावा, पाठ धरून हलकेच हिसका द्यावा. खांद्यात फट दिसली किंवा आवाज आला तर रंग कितीही चकचकीत असो, ती खुर्ची सोडून द्यावी.

गुरुजींच्या सहा खुर्च्या बाबांनी नव्याने केल्या. जुन्या पट्ट्या टोकांना भोके पडल्याने वाया गेल्या. लाकूड नवे आणले. खोबणी मी पाडल्या, खांदे बाबांनी कापले. तीन आठवडे दुसरे काम घेतले नाही आणि पैसेही घेतले नाहीत. हातगाडीवरून खुर्च्या पोहोचवल्या तेव्हा गुरुजींचे प्लास्टर निघाले होते. त्यांनी एक खुर्ची ओढली, बसले आणि बोलता बोलता सवयीने मागे रेलले. पुढचे पाय जमिनीवरून उचलले गेले. बाबा त्यांच्याशी बोलत होते, पण पाहत होते पायाच्या सांध्याकडे. मीही तिकडेच पाहत होतो. आवाज आला नाही.